चुकलं तर हसा

पँट बुडाशी विरली तर माणूस बसणारा, मांड्यांत विरली तर चालणारा. पन्नास वर्षं बेंगळुरात, चामराजपेटेत मशीन मारलंय, हे मला कुणी शिकवायला नको. त्या सोमवारी एका पोरानं दुरुस्तीला आणलेली पँट मांड्यांत पार जाळी झाली होती.

दोघं होते. विशीतले, पांढरे शर्ट, गळ्यात टाय, छातीवर नावाची काळी पट्टी. ख्रिस्ती लोकांत मॉर्मन म्हणून एक पंथ आहे, त्यांचे हे प्रचारक. दोन वर्षं घर सोडायचं, कायम जोडीनं राहायचं, एकमेकांच्या नजरेआड व्हायचं नाही. चहा नाही, कॉफी नाही. हे मला मागून कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं की मी मागवलेली कॉफी दोघांनी नको म्हटली, आणि माझं डोकं फिरलं.

सोमवार त्यांचा कपडे धुवायचा आणि घरी फोन करायचा वार. पोरगा बाकावर बसून आईशी बोलायला लागला, चक्क मराठीत. बेंगळुरातल्या शिंप्याला काय कळणार, असं वाटलं असेल त्याला.

"आई, जमून नाही राहिलं. या रविवारी परत सभेत कन्नडात बोलायचंय. मागच्या वेळी लोक हसले. आता नाही जमलं तर मी सगळं सोडून घरी येऊन जातो."

मी मशीन थांबवलं. "पळपुट्यांची पँट मी शिवत नाही!"

त्याच्या हातातून फोन पडला. "काकाजी, तुम्ही मराठी?"

"तुझ्या नागपुरात आत्ता कुठं मराठी शिकताहेत. आम्ही तीनशे वर्षं इथं बोलतोय." नागपूर मी त्याच्या 'जमून राहिलं'वरूनच ओळखलं होतं. "आणि छातीवर हे काय लिहिलंय?"

"एल्डर. म्हणजे वडीलधारा."

"तू वडीलधारा? मग मी काय पाळण्यात आहे?"

त्याचा जोडीदार आंध्रचा. त्याला मराठी येत नव्हती, तरी तोही हसला.

पोराला सोडून देता आलं असतं. पण मी चौथीत असताना मास्तरांनी मला उभं करून कन्नड धडा वाचायला लावला होता. घरी मराठी, जीभ वळेना. वर्ग हसला, मास्तरही हसले. मी दप्तर उचललं ते परत त्या दारात गेलो नाही. पुढं कन्नड गिऱ्हाइकांनीच शिकवलं, माझं काही अडलं नाही, पाच माणसांचं घर सुईवर चालवलं. तरी ते हसू अजून कानात आहे. ते या पोराच्या कानात राहू नये, एवढंच मला वाटलं.

"रविवारपर्यंत पँट देणार नाही," मी म्हणालो. "रोज सकाळी ये. कन्नड मी शिकवतो."

"काकाजी, माझ्याकडे दोनच पँट आहेत."

"मग एकीवर भागव."

मंगळवारी जोडीदारासह आला तो भाषण लिहिलेला कागद घेऊन. मी तो कपाटात टाकला. म्हटलं, कापडाला आधी कच्चे टाके घालतात, वाकडे पडले तरी कुणी बोलत नाही. तू एकदम मशीनखाली घालतोस म्हणून फाटतं. मग त्याला एकच वाक्य दिलं, "तप्पादरे नक्कुबिडी." चुकलं तर हसा. हसणाऱ्याला आपणच आधी परवानगी द्यायची. मग त्याच्या हातात काही उरत नाही.

हे वाक्य बोलून एक जुडी कोथिंबीर आणायची, हा पहिला धडा. बुधवारी फुलवालीकडून गजरा, तिच्या मुलांची चौकशी करून. गुरुवारी त्याचं कन्नड ऐकून ती फुलवाली इतकी हसली की गल्ली गोळा झाली. पोराचे कान लाल. आला आणि म्हणाला, "माझी पँट द्या."

"सरी, बरं, नेऊन टाक," मी म्हणालो आणि कात्री पँटीवर ठेवली. "अर्धी हवी की पूर्ण?"

तो परत गेला फुलवालीकडे. येताना तिनं त्याच्या हातात एक फुकटचा गुलाब दिला होता.

धर्माचं तो माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. प्रचारक असले तरी इथं कुणी विचारल्याशिवाय सांगायचं नाही, असा त्यांचा नियम. मीही हट्टी, विचारलं नाही.

शनिवारी म्हणाला, उद्या आमचा उपास. मी घरी येऊन आमच्या मंडळींना साबुदाणा भिजवायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "ख्रिस्ती लोकांना साबुदाणा चालतो का, विचारलंत?"

"उपास म्हणजे उपास. त्यात काय विचारायचं?"

रविवारी पँट आणि खिचडीचा डबा घेऊन बसनं जे. पी. नगरला त्यांच्या सभेच्या हॉलवर गेलो. पोरगा डबा बघून कसनुसा झाला. "काकाजी, आमच्या उपासाला पाणीपण नसतं."

मंडळींचा चेहरा डोळ्यांपुढं आला. आता डबा परत कसा न्यायचा? म्हणालो, "मग मीही पाणी पिणार नाही."

पोरगा पँट बदलायला मोरीत गेला, जोडीदार दाराबाहेर पहाऱ्याला. बाहेर आला तो ताठ दिसत होता. शिलाई माझी होती.

सभा सुरू झाली, त्याला बोलायला उभं केलं. आधी म्हणाला, "तप्पादरे नक्कुबिडी." लोक हसले, तोही हसला. मग बोलायला लागला. फुलवालीचं बोलला, रोज त्याच्यासाठी हात जोडणाऱ्या आईचं बोलला. आणि मध्येच अडला. मला चौथीचा वर्ग दिसला. मी डबा इतका आवळला की झाकण उडालं, आणि उपाशी माणसांच्या हॉलभर तूप-शेंगदाण्याचा वास सुटला. पुढच्या बाईनं वळून माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू! पोरगा व्यासपीठावरून हसला. हसता हसता त्याला शब्द सापडला आणि मग तो थांबलाच नाही. पाच मिनिटं, कागदाशिवाय. शेवटी पुढची तीच बाई डोळे पुसत होती. मी छाती काढून बसलो होतो, मांडीवर उघडा डबा घेऊन.

खिचडी त्यांनी चार वाजता उपास सोडताना खाल्ली. मीही तेव्हाच पाणी प्यालो.

सोमवारी डबा घासून परत आला. पोरगा बाकावर बसून आईला फोन लावत होता. मध्येच त्यानं फोन माझ्या हातात दिला.

"भाऊ," पलीकडून आवाज आला, "पोरगा खरं सांगून राहिला का? परत नाही ना येणार?"

"ताई, दुसरी पँट शिवायला घेऊन आलाय," मी म्हणालो. "घरी पळणारा माणूस पँट शिवून घेत नाही."