दोरसोडी

तिला दोरसोडी म्हणत. तोंडावर नाही, तेवढी लाज लोकांनी राखली होती. पण तिची पाठ वळली की म्हणत, आणि पुष्कळदा ती पुरती वळायच्या आतच म्हणत. अँटेनाचे खांब उभे करणाऱ्यांत याहून वाईट शिवी नाही. तिथे कामचुकार म्हटलेलं खपतं, दारुडा म्हटलं तर माणूस हसून विषय बदलतो, पण दोरसोड्या म्हटलं की बाह्या सरसावल्याच म्हणून समजा. आणि गंमत बघा, त्या सगळ्या मंडळींत तिच्याइतका दोर दुसऱ्या कोणी धरला नव्हता.

नवरा खांबवाला. लग्न करून तिला आणली तेव्हा एक धाकटा भाऊ, एक शिडी आणि एक हातगाडी, एवढाच त्याचा पसारा. मदतीला माणूस हवा होता, मग बायको काय घरात बसून भिंतींशी गप्पा मारणार? त्याने तिच्या हातात मागचा दोर दिला. ती तेव्हा इतकी बारीक होती, की दीर म्हणाला, "दादा, खांबाबरोबर वहिनी पण वर जाईल." तिघंही पोट धरून हसली. ती वर गेली नाही. पाय कसे रोवायचे, दोर कमरेमागून कसा घ्यायचा, हे ती पहिल्याच कामावर शिकली आणि पुढे कधी विसरली नाही.

खांब उभा करणं लांबून बघणाऱ्याला पोरखेळ वाटतं. खांब आडवा ठेवायचा. त्याचं बूड खालच्या बिजागरीत अडकवायचं, दोन्ही अंगांच्या ताणतारा कड्यांना लावून टाकायच्या, आणि वरच्या टोकाला बांधलेल्या दोराने पुढून ओढत ओढत त्याला उठवायचं. पुढचे ओढतात, घाम गाळतात, आरडाओरडा करतात, आणि बघणारे सगळे त्यांच्याकडेच बघतात. मागे एकटं माणूस असतं, त्याच्याकडे काळं कुत्रंही बघत नाही. खांब वर येईल तसतसा त्याने मागचा दोर बेताबेताने सोडायचा. मात्र खांब सरळ व्हायला आला की सगळा मामला उलटतो. आता मागच्याने आवरून धरलं नाही, तर तोच खांब पुढे कलंडतो आणि ज्यांनी ओढला त्यांच्याच टाळक्यात बसतो. मागच्या माणसाची नजर सगळा वेळ खांबाच्या शेंड्यावर. पुढच्याचा त्याच्यापर्यंत येतो तो फक्त आवाज.

तो आवाज तिच्या नवऱ्याचा. "सोड" म्हणाला की ती हातभर दोर सोडायची, "थांब" म्हणाला की थांबायची. घरी हा माणूस मिठासाठी हाका मारायचा तरी तिला ऐकू जायचं नाही, असं तो चेष्टेनं म्हणे. पण दोरावर असताना त्याने नुसता घसा खाकरला तरी तिच्या मुठी आवळायच्या.

एक दाताचा डॉक्टर होता. त्याला रेडिओवरून परमुलखातल्या लोकांशी बोलायची हौस. घरामागच्या मोकळ्या जागेत त्याला उंच खांब हवा होता. त्या दिवशी वारा तिच्या पाठीकडून नवऱ्याकडे वाहत होता. वाऱ्यातही कामं केलेली होती, त्यामुळे कोणी मनावर घेतलं नाही. खांब जवळजवळ उभा झाला. दीर बुडाशी बिजागरी सांभाळत होता. तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत आला, आणि पुढून नवऱ्याचा आवाज आला, "सोड!"

तिने हातभर दोर दिला. वाऱ्याचं हातभराने भागलं नाही. खांबाने उरलेला दोर तिच्या मुठीतून ओरबाडून नेला, तळहातांची सालटी त्याच्याबरोबर गेली, आणि खांब पुढे पडला. नवरा तिथेच संपला.

पुढे पोलिस आले, नातलग आले, डॉक्टर त्याच्या पांढऱ्या कोटात येरझाऱ्या घालत राहिला. सगळ्यांना ती एकच सांगत होती, "त्यांनी सोड म्हटलं. मी माझ्या कानांनी ऐकलं." आणि दीर प्रत्येक वेळी मान खाली घालून म्हणत होता, "दादा 'सोड' म्हणाला नाही. मी त्याच्या जवळ होतो." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ते खरं होतं. रडणाऱ्या भावावर कोण अविश्वास दाखवेल? खापर फोडायला डोकं हवं होतं, ते मागच्या दोराला उभंच होतं. संध्याकाळपर्यंत तिला नाव पडलं.

धंदा दिराकडे गेला. जायचाच होता, तिच्या हातात दोर द्यायला आता कोण तयार होतं? ती एका हॉटेलच्या धुलाईखान्यात लागली आणि लोकांच्या ओल्या चादरी पिळू लागली. पदरात एक लहान लेक होती. आई कामावर, म्हणून ती काकाच्या दुकानात वाढली, तारांची भेंडोळी आणि क्लॅम्पच्या खोक्यांमध्ये. काकाने तिला काही कमी केलं नाही, हे उगीच नाकारायचं कशाला? दप्तर, बूट, आजारपणात रात्रीची जागरणं, सगळं केलं. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. त्याचा राग तरी मन लावून करता आला असता.

एकदा शाळेतून आल्या आल्या लेकीने विचारलं, "आई, तू दोर का सोडलास?" 'सोडलास का' असं नव्हे. 'का सोडलास.' तिने सगळं समजावून सांगितलं, आवाज कसा आला, वारा कुठून होता. लेक ऐकून घेऊन म्हणाली, "पण काका तर म्हणतो, बाबा तसं म्हणालेच नाहीत." त्यानंतर हा विषय घरात निघाला नाही. दोघी एका ताटलीतलं वाटून खात, एका पांघरुणात झोपत, आणि मध्ये तो दोर पडलेला असे. तिला दुसऱ्या कोणाकडून काही नको होतं. लोक दोरसोडी म्हणोत, म्हणून म्हणून थकतील. लेकीने एकदा म्हणावं, आई, मला तुझं खरं वाटतं. तेवढ्यासाठी ती जीव टांगणीला लावून बसली होती. आणि वर्षं गेली तशी वाईट गोष्ट ही झाली, की तिचा स्वतःवरचाच भरवसा डळमळायला लागला. धुलाईखान्यातल्या यंत्रांच्या घरघरीत तिला मधूनच तो "सोड" ऐकू यायचा, आणि वाटायचं, हा जसा आता खोटाच ऐकू येतो, तसा तेव्हाही आला असेल का?

लेक मोठी झाली आणि काकाच्याच हाताखाली कामाला लागली. खांबावर अशी चढायची की बापाची आठवण यावी. आईने विरोध केला नाही. कोणत्या तोंडाने करणार?

एके दिवशी आईला सुट्टी होती. लेक सकाळी जेवणाचा डबा घरीच विसरली, म्हणून ती तो घेऊन निघाली. काम एका टॅक्सी कंपनीच्या इमारतीवर होतं. त्यांच्या वायरलेससाठी गच्चीवर खांब उभारायचा होता. लिफ्ट बंद. जिना चढता चढता तिला धाप लागली, म्हणून गच्चीच्या दाराआड शेवटच्या पायरीवर ती टेकली. बाहेर दीर एका नव्या गड्याला मागचा दोर समजावत होता. आवाजात रंगात आलेल्या मास्तराची मजा होती.

"दोनच शब्द. सोड आणि धर. तिसरा शब्द माझ्या कामावर चालत नाही."

"आणि सोडू नको म्हणायचं झालं तर?" गड्याने विचारलं.

"तेच तर म्हणायचं नाही! धर म्हणायचं. आमच्याकडे 'सोडू नको'ला बंदी आहे."

"का बरं? अर्थ तर तोच."

"अरे शहाण्या, वारा समोरून आला की मागचा अर्धा शब्द उडून जातो. तू ओरडणार 'सोडू नको', आणि त्याला जाऊन पोचणार नुसतं 'सोड'. आमचा दादा असाच गेला. ऐन वेळी तोंडातून 'सोडू नको' गेलं त्याच्या. बुडाशी उभं राहून ऐकलंय मी. तेव्हापासून मी कानाला खडा लावला."

ती पायरीवरून उठली आणि दारात जाऊन उभी राहिली. दिराने तिला पाहिलं. त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. दादा 'सोड' म्हणाला नाही. खरंच होतं की ते! एवढी वर्षं हा माणूस एक अक्षर खोटं बोलला नव्हता. फक्त पुढचं विचारायचं कोणाला सुचलं नाही, आणि याने मूग गिळले.

"वहिनी," तो कसाबसा म्हणाला, "डबा आणलात होय? ठेवा तिकडं सावलीत."

लेक खांबाच्या बुडाशी बसून बिजागरीला ग्रीस लावत होती, दिरापासून हाताच्या अंतरावर. तिने सगळं ऐकलं असणार. तिने मान वर केली नाही. आईला वाटलं, पोरीला धक्का बसलाय. लेकीची कीव आली, आणि त्याच वेळी, लपवून काय उपयोग, तिला आनंदही झाला. इतका आनंद, की पाण्याच्या टाकीच्या सावलीत ती स्वतः बसली आणि डबा उन्हातच ठेवला. आता काम संपलं की लेक येईल. काही बोलली नाही तरी चालेल, नुसती शेजारी येऊन बसली तरी पुरे.

काम सुरू झालं. लेक पुढच्या दोराला, बापाच्या जागी. खांब उठत गेला. नवा गडी मागे दोर सोडत होता, पण त्याचे पाय जवळजवळ होते. हा कलंडणार, हे तिला बसल्या जागेवरून दिसत होतं. खांब सरळ व्हायला आणि वारा उठायला एकच गाठ पडली. गडी धडपडला, दोर त्याच्या हातातून सरकला, आणि पुढून लेकीचा चिरका आवाज आला, "धर!"

तो शब्द पुरा व्हायच्या आत दोर तिच्या हातात होता. कधी उठली, कधी धावली, तिचं तिला कळलं नाही. टाकीच्या चौथऱ्याला पाय लावून, दोर कमरेमागून घेऊन ती मागे रेलली. जुन्या तळहातांची कातडी पुन्हा सोलली. खांब डोलला, थरथरला आणि उभा राहिला.

मग दिराने कपाळावरचा घाम पुसला, आणि सवयीच्या हसण्यात सगळं दडपून म्हणाला, "आज बरा धरलात, वहिनी!" दोघं-तिघं हसले.

लेक पाना घेऊन मागच्या कडीपाशी आली. मागची ताणतार लागेपर्यंत दोर सोडता येत नाही. आई दोर धरून, आणि लेक तिच्या पायांशी बसून तार आवळतेय, अशा दोघी दोरापाशी पहिल्यांदाच इतक्या जवळ होत्या.

"ऐकलंस ना काका काय म्हणाला?" आईने हळूच विचारलं. तिचे डोळे भरून आले होते.

लेक पाना फिरवत राहिली.

"मला माहीत होतं, आई."

"कधीपासून?"

"कामावर आले त्या पहिल्याच दिवशी सांगितलं त्याने. सगळ्या नव्यांना सांगतो."

दोर हातात होता, म्हणून आईला कुठे काही धरायची गरज पडली नाही. ती बराच वेळ खांबाच्या शेंड्याकडे बघत राहिली.

"मग मला का नाही बोललीस?"

"बोलून बाबा परत येणार होते का?" लेकीचा आवाज चिडका झाला, जसा अपराध्याचा होतो. "त्याने मला शिकवलं, कामावर घेतलं. उद्या हे सगळं माझ्याकडेच येणार आहे. जुनं उकरून काकाला लोकांपुढे उघडं पाडू? आणि तुला तर खरं काय ते माहीतच होतं."

"नव्हतं," आई म्हणाली. "मला वाटायला लागलं होतं, माझ्याच कानांनी दगा दिला."

लेकीने पाना जोरात फिरवला. शेवटचा आटा बसला. तिने तार बोटाने वाजवून बघितली, उठली आणि हात पुसले.

"झालं. सोड आता."

आई हलली नाही.

"आई, तार लागली. सोड."

"नीट सांग," आई म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि गच्चीवरचे सगळे वळून बघायला लागले होते. "सोड, की सोडू नको?"

"आई, लोक बघतायत."

"बघू देत. नीट सांग."

लेकीचा चेहरा लाल झाला. "सोड!" ती ओरडली. "सोड म्हणतेय मी!"

"भाऊजी," आईने बुडाशी उभ्या असलेल्या दिराला विचारलं, "तुम्ही जवळ आहात. काय म्हणाली ही?"

दिराने लेकीकडे पाहिलं, गड्यांकडे पाहिलं. सुटका नव्हती.

"सोड म्हणाली," तो म्हणाला.

"पुढं काही म्हणाली?"

"नाही."

"सगळ्यांनी ऐकलंत?"

सगळ्यांनी माना हलवल्या. मग तिने दोर सोडला.