शिवणाचा शब्द काढायचा नाही

माझा मामा शिंपी. शिंपी पुष्कळ असतात, पण मामाला माणसं दिसतच नाहीत, कपडे दिसतात. मामीची आणि त्याची पहिली भेट झाली, तेव्हा घरी येऊन तो एवढंच म्हणाला होता, "डावी बाही आखूड होती." मामी ते अजून विसरलेली नाही.

दुकानात मामा कापतो, शिवतो. मामी काजं करते, बटणं लावते. दुकान रोज उघडं. सुट्टीचं नाव काढलं की मामा फिस्कारतो, "लोकांनी काय एक दिवस उघडं फिरायचं?" शेवटी मामीने पैज लावली. समुद्रकाठच्या गावी दिवसभर जायचं. परतीची बस येईपर्यंत मामाने शिवणातला एकही शब्द काढला नाही, तर सुट्टीचा विषय कायमचा बंद. काढला, तर दर सोमवारी दुकानाला कुलूप. पंच म्हणून मला नेलं. मामा लगेच 'हो' म्हणाला. मला वाटलं, हात दाखवून अवलक्षण करतोय. जित्याची खोड ती, एका दिवसात कशी जाणार?

पण मामा महाबिलंदर. बसमध्ये माझ्या कानात म्हणाला, "नंबराचा चष्मा घरीच ठेवलाय, हा नाकावरचा जुना, निकामी. दिसलंच नाही, तर बोलेन कशाला?" आइस्क्रीम कबूल झालं आणि माझीही अळीमिळी गुपचिळी.

मामी बिचारी दिवसभर जाळी टाकत राहिली. उपाहारगृहात मुद्दाम वाकड्या कॉलरच्या वेटरला हाक मारली. मामाने त्याच्याकडे प्रेमाने बघून चहा मागवला. एका गृहस्थांची पँट मागून उसवली होती. मामी कुजबुजली, "अहो, बघा तरी!"

"मला तर समुद्रच दिसतोय. काय तो निळा रंग!" मामा म्हणाला. तो बघत होता ती ताडपत्री होती. समुद्र त्याच्या पाठीमागे होता. मी ओढणीत तोंड खुपसून हसले.

मामीने त्या दिवशी नवं करडं जाकीट घातलं होतं. ती सारखी मामाच्या पुढे पुढे चालायची आणि मध्येच वळून उभी राहायची. मामा ताडपत्रीत रमलेला. दुपार कलली तशी ती मागे मागे चालायला लागली. मला तिच्यासाठी वाईट वाटायला लागलं. लाच खाल्ल्याचंही जरा लागलं, पण आइस्क्रीम चांगलं होतं.

परतीच्या थांब्याकडे जायला पायऱ्या उतरायच्या होत्या. मामाला त्या कुठल्या दिसायला! त्याने मामीच्या खांद्यावर हात ठेवला आणि हात तिथेच थबकला. बोटं शिवणीवरून गेली, बाहीच्या जोडावर आली, परत वर चढली. मामाचा चेहरा लालबुंद.

"हे कुणाकडून शिवून घेतलंस?"

"अहो, पैज..."

"खड्ड्यात गेली पैज! नवरा शिंपी असताना तू दुसऱ्या शिंप्याकडे गेलीस? नाव सांग त्याचं!"

रस्त्यातली माणसं थांबून बघायला लागली. समोरून बस येताना दिसत होती. दोन मिनिटं कळ काढली असती, तर मामा जिंकला असता.

"मी कापलं," मामी म्हणाली. "शिवलंही मीच. दुपारी तुम्ही घोरत असता तेव्हा. सकाळपासून मिरवतेय. एकदा तरी बघाल असं वाटलं होतं."

मामाने दोन्ही हातांनी तिचे खांदे चाचपले. कॉलर, पाठ, मनगट. भर रस्त्यात, कुणाची भीडभाड न ठेवता.

"खांदा माझ्यापेक्षा सरस बसलाय," तो म्हणाला. हे वाक्य त्याने त्याआधी आयुष्यात कुणाला ऐकवलं नव्हतं.

मामीने डोळे पुसले. "हरलात. सोमवारी दुकान बंद. परत इथेच यायचं, समुद्र बघायला."

"समुद्र गेला उडत," मामा म्हणाला. "तू हेच घालून ये."