फणसाच्या कपाटांवर कोणता दगड?

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये एकीने ओटा फोडला की दुसरीच्या घरात धूळ जाते आणि तिसरीच्या घरात भांडण लागतं. ऐंशीच्या पुढची ती वर्षं. जी ती उठली की किचन नवीन करायला निघाली! मग किश्शांना काय तोटा? झाडून टाकावेत तर परत तेवढेच जमतात.

मी निघाले ती मात्र हौसेने नाही. गावी परसात माझ्या आईने लावलेला फणस होता. चीक लागू नये म्हणून हाताला तेल लावून ती तो चिरायची. आई गेली. मग एका वादळात फणस घराकडे कलला, म्हणून बाबांनी तो कापला, फळ्या पाडल्या आणि ट्रकने माझ्याकडे पाठवून दिल्या. ट्रकवाल्याबरोबर निरोप एवढाच, "जळणात घालू नको. तुझ्या स्वयंपाकघरात लाव. मी येऊन बघीन."

झाड एकच. फळ्या तेवढ्याच. चुकलं तर दुसऱ्या आणायच्या कुठून? माझी झोप तिथेच उडाली.

*

सुतार आमच्याच वाडीतला, वसंता. कपाटं चांगली केली त्याने, खोटं कशाला बोलू? लाकूड कसं, हळदीसारखं पिवळंधमक! पण दारं बसवली आणि म्हणतो, "वहिनी, आता वरून सनमायका मारू. क्रीम कलर. एकदम झकास!"

"म्हणजे लाकूड दिसणार नाही?"

"ते कशाला दिसायला हवं? सनमायका दिसेल ना!"

मी म्हटलं, "वसंता, लग्नात बायकोला शालूवर गोधडी पांघरून आणलीस काय रे?"

त्याने सनमायकाचा नमुना पिशवीत घातला. पण जाता जाता विचारून गेला, "बरं, वर दगड कुठला?" दगड एकदा कापून बसवला की बसला. तो काय साडी आहे, परत करायला?

*

म्हटलं, आधी दुसऱ्यांचे ओटे बघू. पहिल्या मजल्यावर मंदाताई. तिने पांढराशुभ्र मार्बल घातला होता. पहिल्याच दिवशी सोलकढीसाठी आमसुलं भिजत घातली आणि वाटी कलंडली. आम्ही कोकणातली माणसं, आमच्याकडे आमसुलाशिवाय दिवस जातो का? दगडावर लाल डाग पडला आणि त्या जागेची चकाकी पण गेली. लिंबू घासलं तर आणखी गेली!

मी गेले तर सगळ्या ओट्यावर वर्तमानपत्रं पसरलेली.

"अगं, मार्बल कुठाय?"

"खाली आहे. पाहुणे आले की पेपर काढते."

तेवढ्यात तिचे मिस्टर आले. "मंदा, आजचा पेपर?"

"कुकरच्या खाली आहे. शिटी झाली की वाचा!"

*

तिसऱ्या मजल्यावर हिरा. माहेर मढचं, कोळ्याची पोर, मासळीशिवाय घास उतरत नाही. तिच्याकडे ग्रॅनाइट आलं. तेव्हा ते नवीनच निघालं होतं. काळ्या दगडात चमचम चांदी! आम्ही सगळ्या हात फिरवून आलो. मला वाटलं, झालं, हेच घ्यायचं.

दोन दिवसांनी वर गेले तर हिराची सासू सुरी घेऊन ओटा खरवडतेय. हिरा डोक्याला हात लावून बसलेली.

"काय गं, काय झालं?"

"सकाळी बोईटं साफ केली. तेव्हापासून खवले काढतात."

मी वाकून बघितलं. म्हटलं, "मावशी, हे खवले नाहीत. दगडच तसा आहे!"

म्हातारीने सुरी ठेवली आणि सुनेकडे बघितलं. "जन्मभर खवलं काढली मी. आता पैसं देऊन घरात आणलीस?"

ग्रॅनाइट माझ्या डोक्यातून उतरलं.

*

आणि सुषमाचं तर विचारूच नका. ओटा झाला, पूजा मांडली, भटजी म्हणाले, "यजमान, श्रीफळ वाढवा." यजमानांनी इकडेतिकडे बघितलं आणि नारळ घातला तो थेट नव्या ओट्याच्या कडेवर! आपल्याला सवयच ती.

नारळ शाबूत. ओट्याचा कोपरा खाली!

सुषमाच्या डोळ्यांत पाणी. भटजी शांतपणे म्हणाले, "असू द्या. वाढवलं ना काहीतरी?"

*

शेवटी मी फणसाची एक फळी काखेत मारली आणि बसने दगडवाल्याकडे गेले. आमचे हे बरोबर होते, पण दोन हात लांब उभे. जसं काय ओळख नाही!

तिथे प्रत्येक दगड पाण्याने ओला करायचा, फळी शेजारी धरायची, मागे जाऊन बघायचं. हिरवट कोटा, गुलाबी, पांढरा. सगळ्यांशेजारी माझं लाकूड आजारी दिसायला लागलं. हे म्हणाले, "अगं, कुठलाही घे ना! ओट्यावर पोळ्या लाटायच्या आहेत, मुलगी दाखवायची नाही."

"तुम्ही गप्प बसा. तुमच्या आईचं झाड नाही हे!"

मग कोपऱ्यातला काळा कडप्पा ओला केला, फळी त्याच्यावर ठेवली, आणि जीव जरा खाली पडला. दगडवाला नाक मुरडून म्हणाला, "बाई, कडप्पा आता कोणी घेत नाही. जुनी फॅशन!"

म्हटलं, "हळदीच्या अंगावर काळी पोत शोभते ना? ती कुठे जुनी झाली? काप!"

*

दगड बसला. बाबा दुसऱ्या दिवशी येणार होते. फक्त पॉलिश बाकी. पॉलिशवाल्याला दहादा बजावलं, "रंग नको रे बाबा, नुसती चकाकी दे." आणि मी पाणी भरायला गेले.

परत येते तर एक दार काळंतांबडं!

"बघा, एकदम शिसवी वाटतं ना?"

"अरे मेल्या, वाट लावलीस!" मी ब्रश हिसकावून घेतला. वसंता धावत आला. म्हणाला, "रंग आत मुरला. घासलं तर चट्टे पडतील." हे म्हणाले, "कॅलेंडर लावू." मी दारावर टॉवेल टाकला आणि रात्रभर कूस बदलत राहिले. आईचं झाड. बाबांना काय सांगू?

सकाळी बाबा आले. मंदाताई, हिरा, सुषमा, सगळ्या दारात उभ्या. बाबांनी मोरीत हातपाय धुतले, आत आले, आणि पुसायला समोरचाच टॉवेल ओढला!

मी डोळे मिटले.

डोळे उघडले तर बाबा कपाटांपुढे उकिडवे बसलेले. दगडाकडे बघितलंच नाही. पिकलाय का म्हणून फणस वाजवून बघतात तसं पहिलं पिवळं दार बोटाने वाजवलं, कान लावला. मान हलवली. "ह्यो हिरवो." दुसरं वाजवलं. "ह्यो पण हिरवो."

मग ते काळंतांबडं दार. टक टक. कान लावला. परत टक टक. वास घेतला.

"ह्यो मात्र पिकलो गो, बाय! हाताक त्याल लाव, नि सुरी घेवन ये!"