मेहुण्यांची पाठ

आमच्या थोरल्या मेहुण्यांइतका स्वतःच्या पाठीला जपणारा माणूस अख्ख्या भोर-वेल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. लोक अब्रूला जपतात, हे गृहस्थ पाठीला. हिर्डोशीला भात-नाचणी पिकवायची आणि शाळेच्या हॉलमध्ये मॅटवर हौसेनं कुस्ती खेळायची, हा त्यांचा उद्योग. मातीतली नव्हे हो, फ्रीस्टाईल! तिचे नियम त्यांनी मला माझ्याच लग्नात, भर पंगतीत शिकवले. "दाजी, पायाला धराय मुभा असती," म्हणत त्यांनी वाढप्याचा घोटा धरला आणि मठ्ठ्याची बादली माझ्या मांडीवर आली. "खाली घेतलं की दोन गुण. पन दोन्ही खांदं येकदम टेकलं, की गुण गेलं चुलीत. चीत म्हंजी चीत!"

पुढे लक्षात आलं, हे मॅटबाहेरही दोन्ही खांदे एकदम कशालाही टेकवत नाहीत. झोपायचं कुशीवर. एसटीत बसायचं तिरकं, कंडक्टर कितीही खेकसू दे. न्हाव्याच्या खुर्चीत पुढे वाकून दाढी. बिचारा न्हावी खाली उकिडवा बसून वस्तरा चालवी. मी थट्टा केली की म्हणत, "हसा तुमी. त्यो वाटच बघतोय."

तो म्हणजे त्यांचा सरावाचा जोडीदार, शेजारच्या वाडीतला. जन्मभर त्याला मेहुण्यांची पाठ मॅटला लावता आली नाही. शेवटच्या आजारात त्यांचा हात धरून म्हणाला, "तुजी पाठ लावल्याबिगर म्या जायाचा न्हाई." आणि त्याच संध्याकाळी गेला. मेहुण्यांच्या मते मात्र तो गेलाच नव्हता. रोज सकाळी मॅटवर येत होता, आणि ज्या दिवशी खांदे टेकतील त्या दिवशी आपल्याला घेऊनच जाणार होता.

अशात उपटला हर्निया. भोरच्या डॉक्टरांनी सांगितलं, ताबडतोब ऑपरेशन, उताणं झोपवून. मेहुणे उठून चालायलाच लागले. आतडं अडकलं तर जीव जाईल, म्हणून माझी बायको "दादा, दादा" करत रडकुंडीला आली. शेवटी मी डोकं चालवलं.

"अहो, मॅटच्या बाहेर खांदे टेकले तर चीत धरतात का?"

"न्हाई."

"मग दवाखान्यातलं टेबल मॅटच्या बाहेरच की!"

मेहुणे विचारात पडले. "त्यानं मानाय पायजे. तुमी पंच म्हनून चला."

गेलो. सकाळचं धुकं खिडक्यांतून हॉलमध्ये शिरलं होतं. मेहुणे बूट घालून मॅटच्या मधोमध उभे राहिले आणि सलामीला हात पुढे केला. समोर कोणी नव्हतं. हात मात्र खाली-वर हलला, आणि मेहुणे तो हलवत नव्हते. हसायची सगळी तयारी करून आलो होतो, ती तशीच राहिली. त्यांच्या बुटांसमोर, मॅटवर, अनवाणी पावलांचे ओले ठसे उमटले होते. "बूट त्यानं कवाच घातलं न्हाईत," मेहुणे पुटपुटले, "सांगा त्याला." नवे ठसे उमटले, ते माझ्याकडे बोटं करून. कसंबसं म्हणालो, "टेबल... मॅटच्या बाहेर धरायचं." ठसे एकेक करत कडेपर्यंत गेले आणि तिथं थांबले.

"व्हय म्हनला," मेहुणे म्हणाले.

ऑपरेशन झालं. ते टेबलावर उताणे झाले तेव्हा दाराबाहेर मी आणि बायकोनं श्वास रोखून धरला होता. मेहुणे शुद्धीवर आले आणि सगळ्यात आधी चहा मागितला! बायको हसता हसता रडली.

टाके सुकल्यावर त्यांनी मला पुन्हा हॉलवर नेलं. मॅट कोरडी होती.

"येत न्हाई त्यो आता," ते म्हणाले. "व्हय म्हनला, पन त्यानं ती चीत धरलीच, दाजी. मला वाटायचं, न्यायला येतोय. त्याला निस्ती माजी पाठ लावायची व्हती, आन् जायाचं व्हतं. म्याच त्याला अडकवून ठिवला, इतकी वरसं."

मेहुणे मॅटवर बसले आणि सावकाश उताणे झाले, दोन्ही खांदे टेकवून. मग मीही ढेरी सावरत त्यांच्या शेजारी आडवा झालो. त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले होते, कशाला लपवू?

छताकडे बघतच मेहुणे म्हणाले, "लई चांगला खेळायचा वो."