खंडेनवमीला घेतलेला लेथ

मी सत्तावीस वर्षं टर्नर होतो, आणि घरासाठी जुना लेथ घेताना तो चालवून बघितला नाही.

हे वाक्य आता मी न अडखळता बोलतो. सुरुवातीला जड जायचं. नातेवाइकांत सांगताना मी ‘टर्नर’ हा शब्द गाळायचो, म्हणजे निदान एक अडाणी माणूस फसला असं वाटायचं. पण आमची मंगल (म्हणजे बायको) शेजारी असली की तो शब्द ती स्वतः भरायची आणि वर ‘सत्तावीस वर्षं’ हेही जोडायची.

झालं असं, की चिंचवडच्या आमच्या कंपनीत कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं आली आणि आम्हा जुन्या लोकांना शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवण्यात आलं. मॅनेजर भाषणात म्हणाला, “कदमांच्या हातात जादू आहे.” मग ठेवून घ्यायचा होता की जादूगार! घरी बसल्यावर चार महिन्यांत मी घरातली सगळी बिजागरं दुरुस्त केली. बिघडलेली संपली तेव्हा चांगली होती तीही दुरुस्त केली. बाथरूमचं दार त्यानंतर आजतागायत नीट लागलेलं नाही.

“अहो, कुठंतरी कामाला जा,” मंगल म्हणाली. “नाहीतर मी तरी जाते.”

अशा वेळी आमची पल्लवी धावून आली. पोरगी चाकणला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. तेव्हा अजून पक्की झालेली नव्हती, प्रोबेशनवर होती. एका रविवारी जेवताना म्हणाली, “पप्पा, आमच्याकडे वीतभर लांबीच्या लोखंडी पिना बाहेरून करून घेतात. जुना माणूस वेळेवर देत नाही. तुम्ही पन्नास नग नमुना म्हणून करून द्याल? पास झाले तर दर महिन्याचं काम. मी साहेबांना सांगितलंय, एक मुरलेला टर्नर माझ्या ओळखीचा आहे म्हणून.”

“बाप आहे हे सांगितलंस?”

“नाही. काम बघून ठरवू देत त्यांना.”

माझा ऊर असा भरून आला, की मी ताटातली भाकरी तशीच ठेवून उठलो. पोरीने नवीन नोकरीत माझ्यासाठी शब्द टाकला होता! त्या पिना बिघडल्या तर माझं काम जाणार होतंच, पण तिच्या शब्दाची साहेबापुढे काय किंमत राहणार होती? हे मला तेव्हाही पक्कं कळत होतं. (म्हणजे मूर्खपणाला अज्ञानाची सबबसुद्धा नाही.)

आता पिना करायच्या तर लोखंड फिरवून कापणारा लेथ हवा. चिखलीत आमचं तळमजल्याचं घर, पुढची खोली रस्त्याला लागून. त्या खोलीत मंगल ब्लाउज शिवायची, फॉल-पिको करायची. मी जाहीर केलं, की आता इथे वर्कशॉप होणार. मंगलने शिलाई मशीन मुकाट्याने उचललं आणि स्वयंपाकघरात ओट्याशेजारी नेलं. आठवड्याभरात तिच्या ब्लाउजांना लसणाच्या फोडणीचा वास यायला लागला आणि दोन गिऱ्हाइकं तुटली.  

लेथ मिळाला तो गावठाणातल्या नानांकडे. नाना इथले जुने रहिवासी. पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी आयुष्यभर वर्कशॉप चालवलं होतं. मुलांना त्यात रस नव्हता, म्हणून लेथ काढून टाकायचा होता. मी पोचलो तो नेमका खंडेनवमीचा दिवस. लेथ धुऊन-पुसून लख्ख केलेला. झेंडूचे हार, हळदीकुंकवाची बोटं, उदबत्तीचा घमघमाट. आणि चकजवळ, म्हणजे घडवायचं लोखंड पकडतात त्या गोल तोंडाजवळ, बेडवर केळीचं पान, पानावर नारळ आणि पाच फळं.

इथे जरा थांबून सांगायला हवं. बेड म्हणजे ज्या लोखंडी रुळांवर हत्याराची गाडी मागेपुढे सरकते तो भाग. सगळं काम चकजवळ चालतं, त्यामुळे जुन्या लेथचा बेड तिथेच झिजतो. म्हणून जुना लेथ बघायला गेलेला कुठलाही शिकाऊ आधी काय करतो? चकजवळ बेडवर नख फिरवतो. झीज असेल तर नखाला कडा लागते. एवढं सोपं आहे! माझाही हात सवयीने पुढे गेला. पण पुढे केळीचं पान होतं, पानावर नारळ होता. हात हवेतच वळला, दुसऱ्या हाताला मिळाला, आणि मी नमस्कार केला.

नाना म्हणाले, “कदम, आज खंडेनवमी हाय. आज मशीन चालवायचं न्हाई. परवा या. दसरा झाला की चालवून बगा, मग काय ते ठरवू.”

“नाना, काय बोलताय!” मी म्हणालो. “परवापर्यंत कशाला थांबायचं? उद्या दसरा. लक्ष्मी दसऱ्यालाच घरी यायला हवी.”

“आवो, पन चालवल्याबिगर घेनार व्हय?”

“लक्ष्मीची कोणी ट्रायल घेतं का?”

“बरं, ऱ्हायलं. मी पान बाजूला करतो, बेड तरी बगून घ्या.”

“पूजा मोडायची? माझ्यासाठी? नाना, सत्तावीस वर्षं मी आजच्या दिवशी मशीनच्या बटणाला बोट लावलेलं नाही!”

नानांनी पानाकडे नेलेला हात मागे घेतला. मला वाटलं, माझी भक्ती बघून माणूस भारावला. आता कळतं, त्यांना माझी कीव आली होती.

दसऱ्याला सकाळी लेथ हायड्रा क्रेनला लटकत आमच्या गल्लीत आला. हार तसेच होते. शेजारपाजारचे गॅलरीत उभे राहिले, कोणी मोबाइलवर शूटिंग करत होतं, आणि मी पुढे चालत रिक्षावाल्यांना हाताने बाजूला करत होतो. मंगलने दारात लेथला ओवाळलं. लोखंडी पाइपांवरून ढकलत आत नेताना खाली काहीतरी कडाड्कन वाजलं.

“काका, फरशी गेली,” हायड्रावाला म्हणाला.

“जाऊ दे. शुभ असतं.”

“फरशी फुटणं कधीपासून शुभ झालं?” मंगल ताट हातात घेऊन म्हणाली.

एकूण पाच फरश्या शुभ झाल्या.

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनने घरच्या विजेवर चालणारी मोटर बसवली. मी बटण दाबलं. लेथ फिरला, आणि आत मिक्सर थांबला. लेथ बंद केला की मिक्सर सुरू. दोन्ही एकदम चालायचे नाहीत. म्हणजे आमच्या घरात एक तर पिना होणार होत्या, नाहीतर चटणी.

तरी पहिली पिन मोठ्या थाटात काढली. काय चकाकत होती! मायक्रोमीटर लावला. या टोकाला माप बरोबर. त्या टोकाला, चकच्या बाजूला, केसभर जाड. म्हटलं, हात बसायला वेळ लागतोय. दुसरी काढली. केसभर जाड. तिसरी, चौथी, पाचवी... केसभर, केसभर, केसभर! त्या लेथचं एका बाबतीत मानायला हवं, त्याच्या कामात सातत्य होतं.

मग मी सुकलेलं केळीचं पान उचललं (होय, ते अजून तिथेच होतं, मीच कोणाला काढू दिलं नव्हतं) आणि नख फिरवलं. नख अडकलं.

मी तिथेच फुटक्या फरशीवर बसलो. स्वतःचा एवढा राग मला कधी आला नव्हता. कंपनीने हाकललं तेव्हाही नाही. कंपनीला माझी किंमत कळली नव्हती. मलाच माझी कळली नाही, तर दोष कोणाला द्यायचा?

अर्थात, दोष द्यायला नानांकडे गेलोच.

“नाना, बेड झिजलाय!”

“व्हय. चकापाशी. ईस वर्सं झाली.”

“मग सांगायचं नाही?”

“पान बाजूला करतो म्हनलं व्हतं का न्हाई? परवा या म्हनलं व्हतं का न्हाई? तुमी डोळं मिटून हात जोडलं. म्या म्हनलं, भाविक मानूस हाय, त्याचा भाव कशापायी मोडावा?” नानांनी मला चहा दिला. “परत घेतला असता, पन शेड भाड्यानं गेली. ठिवू कुठं?”

भांडायला गेलेल्या माणसाला समोरच्याने खरं बोलून दाखवावं, याच्यासारखी फजिती नाही. चहाही चांगला होता. त्याचाही राग आला.

नमुना द्यायला चार दिवस राहिले होते. मी मग माझी सगळी विद्या पणाला लावली. मागचा आधार जरा सरकवून बघितला, तर जाडी टोकाकडून निघून मध्ये आली आणि पिनांना पोट सुटलं. उलटा सरकवला, तर पिनांना कंबर आली. शेवटी पॉलिश पेपर घेतला आणि एकेक पिन हाताने घासत बसलो. घासून घासून त्या इतक्या चमकल्या की त्यात तोंड दिसायचं. (ते बघवत नव्हतं.) माप मात्र एकीचंही लागलं नाही.

“पल्लवीला खरं सांगून टाका,” मंगल म्हणाली.

“वेडी आहेस का? तपासणार तीच आहे. आपलीच पोरगी आहे, घेईल सांभाळून.”

“आपलीच आहे म्हणून तर सांगा.”

मी सांगितलं नाही. पिना तेलकट कागदात बांधल्या, पिशवी स्कूटरला लावली आणि चाकणला गेलो. कारखान्यात माल घेण्याच्या टेबलामागे पल्लवी बसली होती. निळा एप्रन, जाड सेफ्टी शूज, केस टोपीत कोंबलेले. शेजारी तिचे दोन सहकारी. मला बघून म्हणाली, “या काका. बसा.”

काका! मी बसलो.

ती पिना काढून मोजायला लागली. दोन्ही टोकं आणि मध्य, तिन्ही ठिकाणी. मायक्रोमीटर धरण्याची पद्धत माझीच होती, चार बोटांत आणि श्वास रोखून. ती आठवीत असताना मीच शिकवली होती, खडू मोजायला लावून. पहिली पिन तिने तीनदा मोजली. दुसरीला तिचा चेहरा उतरला. मी टेबलावर झुकून हळूच म्हणालो, “पलू, थोडं बघ ना गं...”

“काका, बाहेर बाकावर थांबा,” ती वर न बघता म्हणाली.

काचेतून मला दिसत होतं. एकेका पिनेला ती नापासाचा लाल टॅग बांधत होती. मी मोजत होतो. चाळीस झाले तेव्हा वाटलं, दहा तरी सोडेल. तिने एकही सोडली नाही. तेवढ्यात दार उघडं टाकून तिचे साहेब आत गेले, लाल टॅगांचा ढीग बघून म्हणाले, “हा माणूस कोणी आणला?”

“मी आणला होता सर,” पल्लवी म्हणाली. “चुकलं माझं.”

 चूक तिची नव्हती, आणि मी आत जाऊन तसं म्हणायला हवं होतं. त्याऐवजी तिच्या सहकाऱ्याने बाहेर आणून दिलेली पन्नास पिनांची पिशवी मी उचलली आणि स्कूटरला किक मारली.

संध्याकाळी ती घरी आली. चप्पल काढायच्या आधी विचारलं, “पप्पा, तुम्हाला माहीत होतं ना?”

“हो.”

“मग आणल्यात कशाला?”

“तू होतीस म्हणून.”

ती जेवली नाही. मीही नाही. मंगलने दोन्ही ताटं झाकून ठेवली.

लेथ आता विकायला काढलाय. गिऱ्हाइकं येतात, चकजवळ नख फिरवतात आणि जातात. कालच एक आयटीआयचं पोरगं आलं होतं, त्यानेही फिरवलं. जाता जाता म्हणालं, “काका, तुम्ही घेताना बघितलं नव्हतं का?”

पल्लवीची नोकरी मात्र महिन्याभरात पक्की झाली. साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं म्हणे, की स्वतः आणलेल्या, ओळखीच्या माणसाचा माल जी शंभर टक्के नापास करते, तिच्या हातात क्वालिटी द्यायला हरकत नाही. पेढे घेऊन आली तेव्हा महिन्याने पहिल्यांदा माझ्याशी हसून बोलली. मी पेढा तोंडात धरून मंगलला अभिमानाने म्हणालो, “बघ, सत्तावीस वर्षांत माझ्या हातून निदान एक नग तरी असा उतरला, ज्यात केसाचाही फरक नाही!”

“तो तुमच्या हातचा नाही,” मंगल म्हणाली. “तुमचे पन्नास परत आले.”