अर्ध्या वाटेची पोच

ऑफिसात तिला सगळे पोचबाई म्हणत. नाव चिकटलं ते तिच्याच तोंडामुळे. ऑनलाइन लिलावात घेतलेली वस्तू मिळाली नाही अशी कुणी बोंब मारली की बाकीची मंडळी स्क्रीनमध्ये डोकं खुपसायची, ही मात्र आधी विचारायची, "पोच कुठाय?" इथं येण्याआधी बावीस वर्षं तिनं मालवाहतुकीच्या ऑफिसात पार्सलची खिडकी सांभाळली होती. पोती, पेट्या, सायकली, एकदा तर जिवंत बोकडसुद्धा तिच्या पावतीवर गेला होता. खिडकी बंद झाली तेव्हा सून म्हणाली, "आई, आता बसा निवांत." चार दिवस बसून बघितलं, पाचव्या दिवशी अर्ज टाकला. कॉम्प्युटर येतो का, असं मुलाखतीत विचारलं. "शिकीन. पण खोटं कोण बोलतंय ते फोनवरच कळतं," एवढं सांगून ती उठली, आणि त्यांनी घेतली.

त्या दिवशी दुपारी साहेब तिच्या टेबलाशी आले. साहेब म्हणजे तिच्या धाकट्यापेक्षाही लहान.

"बाई, ही तक्रार पाचपर्यंत बंद करा. चामडं शिवायचं जुनं मशीन आहे. घेणारा म्हणतो मिळालं नाही, विकणारीनं पोच टाकलीय. पोच आहे म्हणजे मिळालं. त्याचं खातं बंद करून टाका."

"आधी बोलते दोघांशी," ती म्हणाली आणि फोन ओढला.

घेणारा बूट शिवणारा कारागीर. तापलेलाच होता.

"ताई, आज चौदा दिवस झाले, दार सोडलं नाही. जेवतोसुद्धा उंबऱ्यात. बायको म्हणते, त्या मशीनशीच लग्न लावा. शाळेचे दोनशे जोड द्यायचेत. हातानं शिवत बसलो तर पोरांचे पाय मोठे होतील. शाळा काम काढून घेणार माझ्याकडून."

"दारात कशाला बसलाय?"

"मग कुठं बसू? विकताना त्यांनीच लिहिलं होतं, माल पोच मिळेल."

पोचबाईनं हूं केलं आणि विकणारीला फोन लावला. ती एक पिशव्या शिवणाऱ्याची विधवा, आवाजावरून साठीच्या पुढची.

"मला चोर ठरवताय काय?"

"कुणी नाही ठरवत, मावशी. ती पोच हातात घ्या आणि मला वाचून दाखवा."

चष्मा शोधण्यात दोन मिनिटं गेली. "मशीन एक नग, पुढं मशीनचा नंबर. माल ताब्यात घेतला. खाली सही आहे."

"कुणाची?"

"टेम्पोतून न्यायला आला होता त्याची."

"मग ही तुम्ही माल दिल्याची पोच झाली. त्याला मिळाल्याची कुठाय?"

"पोच म्हणजे पोच. दोन-दोन असतात होय?"

"असतात. शिक्का कसला आहे?"

"निळा. पुसट आहे गं. गोडाऊन पोच."

पोचबाई खुर्चीत ताठ झाली. घरपोच माल दारात येतो. गोडाऊन पोच माल त्या गावच्या गोदामात पडून राहतो, घेणाऱ्यानं जाऊन उचलायचा असतो. पंधरा दिवसांत उचलला नाही तर बेवारस म्हणून निघतो.

"मावशी, घेणाऱ्याच्या रकान्यात फोन नंबर कुणाचा घातलाय?"

"माझाच. दुसऱ्याचा मला काय पाठ? दोनदा कुणीतरी फोन करून माल उचला म्हणालं. मी म्हटलं, बाबा, मी विकलंय ते, मला कशाला?"

पोचबाईनं कपाळाला हात लावला, पण हसू काही आवरलं नाही. पावतीचा फोटो मागवला आणि गोदामात फोन केला. तिथल्या कारकुनानं सांगितलं, मूळ पावतीशिवाय माल सुटत नाही.

"बावीस वर्षं अशाच खिडकीत बसलेय मी," ती म्हणाली. "पावती नसली तर हमीपत्रावर सोडतात. कोरा फॉर्म तुमच्या डाव्या खणात असेल."

तिकडं खण उघडल्याचा आवाज आला. "या म्हणावं," कारकून म्हणाला, "पण आजच."

साहेब पुन्हा डोकावले. "झाली का बंद? पोच आहे ना?"

"आहे साहेब, पण अर्ध्या वाटेची. आता बंद केली तर दोन खरी माणसं खोटी पडतील."

साहेबांनी घड्याळ बघितलं, तिचं तोंड बघितलं, आणि ते निघून गेले.

तिनं बूटवाल्याला उंबऱ्यातून उठवलं. हमीपत्रावर काय लिहायचं ते शब्द न् शब्द सांगितलं, सोबत ओळखपत्र न्यायला लावलं.

पाचाला वीस कमी असताना त्याचा फोन आला. मागं टेम्पोची घरघर होती.

"ताई, मिळालं. मिठीच मारून बसलोय."

"मिठी राहू द्या. मशीनच्या अंगावर नंबर कोरलाय तो वाचा."

त्यानं एकेक आकडा वाचला. तिनं तो पावतीशी ताडून पाहिला.

"चाक फिरतंय का?"

"कुरकुरतंय, पण फिरतंय."

"तेल घाला आणि बसा शिवायला," ती म्हणाली. मग 'मिळालं' या खुणेवर बोट दाबलं आणि पुढची तक्रार ओढली.