काकूंचं वजन

आमचे काका म्हणजे गाड्यांचे मिस्त्री, आणि तोंडाचे फटकळ. परवा जावयाची हौसेनं उंच केलेली जीप खडखडत त्यांच्या गॅरेजात आली. पुढचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे आर्मच्या, सांध्यातलं रबरी बुश फाटलं होतं. ते जावयानेच घरी बसवलेलं.

"जावईबापू, गाडी जॅकवर लटकवून बोल्ट आवळलेत ना? मग गाडी खाली टेकली की रबर पिळवटून फाटणारच! बोल्ट चाकांवर वजन असतानाच आवळायचे!"

नवं बुश घालून काकांनी जीप चाकांवर उतरवली आणि घराकडे हाक मारली, "अगं, गाडीत येऊन बस! वजन हवंय."

काकू स्टुलावर पाय देऊन उंच जीपमध्ये चढून बसल्या. काकांनी खाली शिरून बोल्ट आवळले.

"उतर आता."

"लग्न झाल्यापासून कधी फिरायला नेलं नाहीत. आज बसवलंत, तेही वजन म्हणून! मी नाही उतरत."

काकांनी स्टूल मागच्या सीटवर टाकलं आणि जावयाकडे किल्ली मागितली.

जावईबापू चालत घरी गेले.